चढणीचा मासा

मिरगाचा पाऊस लागून दोनच दिवस झाले होते. सकाळी साडेसहाची वेळ. एका शेगडीवर चहा, दुसऱ्या शेगडीवर ह्यांच्या डब्याची भाजी. तेवढ्यात दारात हाक आली, "वैनी, ओ वैनी! मासं चढाय लागल्यात बघा!"

दारात आमची नेहमीची मासेवाली. डोक्यावर बुट्टी, बुट्टीवर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावरून टपटपणारं पाणी. कोल्हापूरकरांना या चार शब्दांचं काय महत्त्व आहे, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आंबा उतरला, उसाचं गुऱ्हाळ लागलं, तशीच ही वर्षातून एकदा येणारी बातमी. ती ऐकली की घरातले पुरुष लगेच पिशवी शोधतात आणि आम्ही बायका खोबरं भाजायला घेतो.

पण त्या सकाळी मी खोबरं काढलं नाही. तिनंही बुट्टी खाली ठेवली नाही. का, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

माझं आजोळ गगनबावड्याच्या वाटेवर, कुंभी नदीच्या काठाला. मे महिन्याची सुट्टी संपत आली तरी माझा पाय तिथून निघत नसे, कारण एकच. चढणीचे मासे! पहिला दणक्याचा पाऊस झाला की नदीला तांबडं पाणी यायचं. आज्जी म्हणायची, "नदी तांबडं लुगडं नेसली." त्या रात्री आजोबा, मामा आणि वाड्यातले पुरुष कंदील, जाळी, बुट्ट्या घेऊन बाहेर पडायचे. अंगावर घोंगड्याची खोळ, पायात काही नाही. पोरींनी रात्रीचं नदीवर जायचं नाही असा दंडक होता. पण मी आजोबांची लाडकी. एक वर्ष हट्ट करून गेलेच, आणि जे बघितलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

नदीला मिळणारा एक लहानसा ओढा. आदल्या दिवशीपर्यंत कोरडा ठणठणीत. त्या रात्री त्यात जेमतेम घोट्याएवढं पाणी, आणि त्या पाण्यातून मासे वर चालले होते. पोहत होते असं म्हणवत नाही, कारण त्यांच्या पाठी पाण्याबाहेर होत्या. दगडावर आपटत होते, मागे घसरत होते, पुन्हा अंग वळवून उडी मारत होते. काही तर ओढा सोडून भाताच्या खाचरात, गवतात शिरले होते. कंदिलाच्या उजेडात त्यांची पोटं चमकत होती. मी टाळ्या पिटल्या. आजोबांनी दोन्ही हातांनी एक मासा उचलला आणि माझ्या ओच्यात टाकला. तो केवढा धडपडला!

घरी आल्यावर आज्जीनं चुलीपुढं मासे साफ करायला घेतले. पोट फाडलं की आत पिवळीधमक गाभोळी. ती वेगळी काढून तव्यावर परतायची, तिखट-मीठ लावून. पहिला घास मला. मी विचारलं, "आज्जी, हे मासे वर कुठं चालले होते गं?" आज्जी म्हणाली, "माहेरला. बाळंतपणाला."

तेव्हा मी हसले होते. मासा आणि माहेर!

पुढं शिकताना, वाचताना कळलं की आज्जीचं बोलणं फारसं चुकीचं नव्हतं. उन्हाळाभर मासे नदीच्या खोल डोहात दबा धरून असतात. पहिल्या पावसाचं पाणी आलं की पाण्याचा थंडावा बदलतो, त्याचा ओघ वाढतो, त्यात हवा जास्त मिसळलेली असते. या सगळ्याची चाहूल लागली की पोटात अंडी तयार असलेल्या माद्या आणि त्यांच्या मागोमाग नर, प्रवाहाच्या उलट्या दिशेनं उथळ पाण्याकडे निघतात. ओढे, नाले, पाणी तुंबलेली खाचरं. कारण सरळ आहे. मोठ्या नदीत पुराचा लोंढा अंडी वाहून नेणार, मोठे मासे पिल्लं खाणार. उथळ पाण्यात ऊब असते, खायला बारीक किडे-शेवाळ असतं आणि शत्रू कमी. म्हणजे बाळंतिणीची खोलीच म्हणायची की! रायगड-ठाण्याकडे याच माशांना वलगणीचे मासे म्हणतात.

रोहू-कटल्यासारख्या माशांची तर आणखी एक गंमत. साठलेल्या तळ्यात ही मादी अंडी धरते, पण घालत नाही. तिला वाहतं पाणीच लागतं. म्हणून पूर्वी मासे पाळणाऱ्यांना बीज नदीतूनच गोळा करून आणावं लागे. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात, माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून माद्यांना अंडी घालायला लावली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात महाशीर माशाच्या बाबतीत असंच मोठं काम केलं. महाशीर म्हणजे सह्याद्रीतल्या नद्यांचा राजा. किलोभर रोहूच्या पोटात लाख-दोन लाख अंडी असतात, महाशीरची त्या मानानं फारच थोडी. त्यामुळे त्याची एक मादी गेली की घरच बुडालं.

आपल्या पंचगंगेचं तर आणखी वेगळं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशा पाच जणी प्रयाग चिखलीला भेटतात आणि पंचगंगा होऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतात. आता या चारही नद्यांच्या डोक्यावर धरणं आहेत. राधानगरीचं तर राजर्षी शाहू महाराजांनी १९०७-०८ च्या सुमारास हाती घेतलेलं. खाली जागोजागी बंधारे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव राज्यभर गेलं ते आपल्याच मातीतून. या बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाच्या तोंडाला ते काढून घेतात. पुराला वाट मोकळी व्हावी म्हणून. पण बरगे वेळेवर निघाले तर माशालाही वाट मोकळी होते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बरगे राहिले तर बिचाऱ्या माद्या बंधाऱ्याखाली डोकं आपटत राहतात, आणि तिथंच जाळी टाकून बसलेले असतात. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली आहे. तिथं काचेच्या खिडकीतून वर जाणारा एकेक मासा मोजतात म्हणे. माणसाला मनात आणलं तर जमतं!

अमेरिकेवरून आठवलं. माझ्या नणंदेची मुलगी डेन्व्हरला असते. तिला आणि जावईबापूंना मासे धरायचा नाद लागलाय. मे महिन्यात एकदा व्हिडिओवर बोलताना तिनं मागची नदी दाखवली. आपल्या पहिल्या पुरासारखंच गढूळ, फुगलेलं पाणी. पण पाऊस नव्हता. ऊन लखलखीत! ती म्हणाली, "मामी, इथं डोंगरावरचा बर्फ वितळतोय. महिना-दीड महिना नदी अशीच राहणार."

ही दोघं गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे रबरी बूट-विजारी घालून काठाकाठानं उभी होती. कारण मधल्या धारेला ओढ फार. मासेही अशा वेळी कडेला, दगडाआड, संथ पाण्यात येऊन थांबतात. त्यांच्या गळाला गांडूळ नाही की कणकेचा गोळा नाही. बारीकशा आकड्याला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती इतकी हलकी की फेकली तर जाईना. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार. ती डोक्यावरून मागे-पुढे अशी झुलवायची, आपण सुपानं पाखडतो ना, तसा मनगटाचा ताल लागतो. मग माशी अलगद पाण्यावर टेकते आणि माशाला वाटतं, खरंच किडा पडला.

मला दाखवायला तिनं एक ट्राउट मासा धरला. ठिपक्याठिपक्यांचा, देखणा. ओला हात करून आकडा काढला आणि दिला सोडून!

मी म्हटलं, "अगं, सोडलास? मग गेलीस कशाला एवढ्या थंडीत?" मागून सासूबाई ओरडल्या, "चटणी न्हाई व्हय गं तुमच्यात?"

ती हसायला लागली. मग म्हणाली, "मामी, आता यांच्या विणीचा काळ आहे. मादी शेपटीनं तळातले खडे बाजूला सारून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. आम्ही तिथं पायसुद्धा ठेवत नाही."

पायसुद्धा ठेवत नाही. हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं.

आणि हे सगळं साहेबाचं खूळ असं समजू नका हं. मासे धरण्याच्या छंदावरचं इंग्रजीतलं सर्वांत जुनं छापील पुस्तक १४९६ सालचं, आणि परंपरेनं ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीच्या, म्हणजे बाईच्या नावावर सांगितलं जातं. ब्रिटनमधला गळानं धरलेला सर्वांत मोठा सामन मासा, ६४ पौंडांचा, ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडच्या टे नदीत धरला तो जॉर्जिना बॅलंटाईन या बाईनंच. शंभर वर्षं उलटली, तो विक्रम अजून कुणा पुरुषाला मोडता आला नाही! आपल्याकडे तर त्याच्याही आधीचं लिहून ठेवलेलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. आपले कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक. या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणच आहे. कोणते मासे कुठल्या पाण्यात राहतात, त्यांना कोणतं खाणं टाकून वळण लावायचं, गळ कसा लावायचा, सगळं त्यात आहे. म्हणजे माशांना आधी खायला घालायचं, मग गळ. आपण मात्र खायला घालायचं विसरलो.

तर नणंदेच्या मुलीशी हे बोलणं झालं आणि पंधरा दिवसांत आमच्या बचत गटाची बैठक आली. नदीकाठच्या गावातला आमचा गट, १४ जणींचा. त्यातली ३ घरं भोयांची, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी. आमची मासेवाली त्यातलीच एक. जून तोंडावर आलेला. मी आपली नव्या ज्ञानानं फुगलेली. हप्ते गोळा झाल्यावर उभी राहिले आणि भाषणच ठोकलं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग नदीतल्या माशांनी काय पाप केलंय? पोटुशी बाईला कुणी मारतं का? अंड्यांवरची मासळी धरणं म्हणजे पुढच्या वर्षाचं ताट लाथाडणं... बोलता बोलता मला माझाच हुरूप आला.

सगळ्या गप्प. मासेवाली उठली. पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "वैनी, गेल्या साली मिरगात माझ्याकडनं काय घेतलासा, आठवतंय? 'गाभोळीचा बघून दे' म्हनलासा. त्याच्या आदल्या साली बी. मग पोटुशी कुणी खाल्ली? मारली आमी, पर खाल्ली कुणी?"

आणि ती निघून गेली. मैत्रिणींनो, समाजकार्य करताना आपल्याला पुष्कळ टोमणे ऐकावे लागतात, त्याची सवय होते. पण हा टोमणा नव्हता, हिशोब होता. आणि तो बरोबर होता.

पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. माझ्या दारातही आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच तिच्या घरी गेले. पावसाळ्याच्या आधीची लगबग. नवरा जाळं विणत बसलेला, पोरं नव्या-जुन्या वह्यांना कव्हर घालत होती. चहा झाला. मी म्हटलं, "चुकलं माझं. आता तू सांग, मी ऐकते."

मग ती बोलायला लागली. जून म्हणजे शाळा. दोन पोरांचे गणवेश, वह्या, दप्तर, छत्र्या. घरावर घालायला प्लॅस्टिकचा कागद. आणि त्याच्या आधीचा उन्हाळा म्हणजे नदीत पाणी कमी, त्यात शहरांचं-कारखान्यांचं सांडपाणी आणि वर केंदाळाचा थर. कधी मासे मरून तरंगायला लागले की मग लोक आठवडाभर नदीची मासळी घेतच नाहीत. म्हणजे घरात पैसा नसतो तेव्हाच खर्च येतो, आणि नेमकं त्याच वेळी चढणीच्या माशाला भाव येतो. "हे पंधरा दिस आमची दिवाळी असती वैनी. तुमी म्हनता ती सोडा. सोडतो की. पर पोरांच्या वह्या कुठनं आणू, ते बी सांगा."

तिचा नवरा जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "आमच्या आज्यानं कधी ओढ्याच्या तोंडाला जाळं लावू दिलं न्हाई. नदीत धरा, ओढ्यात न्हाई. वर गेलेली मासळी आपली न्हाई म्हनायचा. मरळीची तांबडी पिल्लं घोळक्यानं दिसली तर त्यांच्यावर राखण करणारी आई-बाप धरायचीच न्हाईत. आता मोटरसायकलवरनं येतात पोरं. मच्छरदाण्या लावतात, ब्लिचिंग टाकतात, करंट सोडतात. बोटाएवढं पिल्लू बी सोडत न्हाईत. त्यांना कोण बोलणार? आमी एक दिस थांबलो तर ती सगळंच न्हेतील."

मी घरी आले ती गप्पच. ज्यांना मी शिकवायला गेले होते, त्यांच्या घरात हे शहाणपण पिढीजात होतं. पाण्यात स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारायला बंदी करणारा कायदा १८९७ सालापासून आहे. तो कागदावर. आणि म्हाताऱ्यानं घालून दिलेला नियम मोडला तो भूक आणि स्पर्धा या दोघींनी.

आणि मच्छरदाणीचं म्हणाल तर... सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या घरातली जुनी मच्छरदाणी सापडेना. सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी आमचे चिरंजीव चिखलानं माखून, लंगडत घरी आले. चौघं मित्र बंधाऱ्यावर मासे धरायला गेले होते. बंधाऱ्यावरून पाणी चाललेलं, शेवाळानं दगड निसरडे, धरायला कठडा नाही. पाय घसरला. मित्रानं शर्टाची कॉलर धरली म्हणून वाचला. मच्छरदाणी वाहून गेली. मी आधी एक ठेवून दिली आणि मग त्याला पोटाशी धरून रडले. दर पावसाळ्यात पेपरात चार ओळींची बातमी येते, 'मासे पकडण्यास गेलेला तरुण वाहून गेला.' त्या चार ओळी माझ्या घरात येता येता राहिल्या. म्हणजे गाभोळी मागणारी मी, मच्छरदाणी नेणारा माझा मुलगा, आणि भाषण ऐकायला भोयांच्या बायका!

पुढच्या बैठकीत मी भाषण केलं नाही. मासेवालीलाच बोलायला सांगितलं. ती बसूनच बोलली, पाच-सात मिनिटं. मग चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली. "आमी का म्हणून पैसं द्यायचं?" असं एकीनं विचारलंच. शेवटी ठरलं ते असं. मे महिन्याच्या अखेरीला गटाच्या पैशातून या ३ घरांना शाळेच्या खर्चासाठी प्रत्येकी ३,००० रुपये बिनव्याजी द्यायचे, परतफेड दिवाळीपर्यंत. त्यांनी मिरगातले पंधरा दिवस ओढ्यात आणि ओढ्याच्या तोंडाशी मासे धरायचे नाहीत. नदीत धरायला मोकळीक, पण अंड्यांनी फुगलेली जिवंत मादी जाळ्यात आली तर परत सोडायची. आणि बाकीच्या ११ जणींनी त्या पंधरवड्यात गाभोळी मागायची नाही, घरातल्या पोरांना बंधाऱ्यावर जाऊ द्यायचं नाही.

"मग खायचं काय?" हा प्रश्न आलाच. कोल्हापूरची माणसं आपण! उत्तर मासेवालीनंच दिलं, "चिलापी खावा की!" आणि खरंच, यापेक्षा चांगलं उत्तर नाही. चिलापी हा मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ साली आपल्या देशात आणला. तो मिरगाची वाट बघत नाही. मादी तोंडात अंडी सांभाळते आणि वर्षातून कितीतरी वेळा विते. आपल्या नद्या-तळ्यांत तो इतका माजलाय की देशी माशांना जागा उरली नाही. तेव्हा चिलापी जितकी खाल तितकं पुण्यच! खोबरं भाजून, कांदा-लसणीची चटणी आणि चिंचेचा कोळ घालून रस्सा करा. कुणाला फरक कळणार नाही. आमच्या सासूबाईंना कळला, पण त्यांना सगळंच कळतं.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्याच वर्षी तिसऱ्या रात्री बाहेरची पोरं मोटरसायकलवरून आली. गटातल्या सहा जणी बॅटऱ्या घेऊन ओढ्यावर गेल्या. बाचाबाची झाली. "नदी काय तुमच्या बापाची हाय का?" असं ऐकावं लागलं. मासेवाली म्हणाली, "बापाची न्हाई. माशाची हाय." पोरं हसली, पण गेली. दुसऱ्या ओढ्यावर गेली असतील, हेही आम्हाला ठाऊक आहे. एका घरानं पैसे दिवाळीला परत केले नाहीत, ते संक्रांतीला आले. एका ओढ्यानं पंचगंगा भरत नाही, हे मलाही कळतं. धरणं आहेत, सांडपाणी आहे, वाळूचा उपसा आहे. ते आमच्या हातात नाही. पण तव्यावर काय टाकायचं, ते मात्र आमच्याच हातात आहे.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही. श्रद्धेनं राखलेला एक डोह. आपल्या प्रत्येक गावाला असा एखादा डोह, एखादा ओढा राखता येणार नाही का? देवाच्या नावानं राखा, नाहीतर बचत गटाच्या नावानं राखा. माशाला काय त्याचं!

तर त्या सकाळी मासेवाली दारात उभी होती. मी विचारलं, "बुट्टीत काय आहे?"

"चिलापी. आन् दोन शिंगटं, नदीतली." मग आवाज बारीक करून म्हणाली, "विकाय न्हाई आलो मी. सांगाय आलो. ओढ्याला पाणी आलंय. सांच्याला येतासा काय, बघाय?"

संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. एक छत्री, दोघी निम्म्या निम्म्या भिजत. लांब उभ्या राहिलो, पाण्यात पाय न घालता. बराच वेळ काहीच दिसेना. मग तिनं माझा हात दाबला. गवतातून पाणी हललं. एक काळपट पाठ वर आली, दगडावर आपटली, मागे घसरली. पुन्हा आली. तिसऱ्या उडीला दगड ओलांडून पलीकडच्या खाचरात गेली. तिच्या मागून आणखी दोन.

"गेली बया," मासेवाली म्हणाली. स्वतःची लेक एस्टीत बसवून दिल्यावर आई ज्या आवाजात म्हणते ना, अगदी त्याच आवाजात.

मला आज्जीची आठवण आली. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईची वाट कुणी अडवू नये, एवढंच तिला म्हणायचं असेल. पण तव्यावर गाभोळी परतता परतता ते तिलाही म्हणता आलं नाही, आणि मला कळायला चाळिशी उलटावी लागली.